विक्रांत आणि आर्यवर्धन, एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे

२० जुलै २०१९ ला झी मराठीवरची ‘तुला पाहते रे’ संपली. जेमतेम सात आठवड्यांनी, ९ सप्टेंबरला, झी कन्नडवर ‘जोते जोतेयली’ सुरू झाली. कथा तीच. सुबोध भावेंच्या विक्रांत सरंजामेचा झाला आर्यवर्धन, ती भूमिका अनिरुद्ध जतकर यांनी केली, आणि ईशाची झाली अनु. कर्नाटकभर बाया-माणसं त्या रुबाबदार, प्रौढ उद्योगपतीवर जीव टाकत होती, तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी घरांत मात्र याच्या पोटात काय दडलंय ते सगळ्यांना पाठ होतं. पहिल्या बायकोच्या मरणाचं गुपित आम्ही नुकतंच पचवून बसलो होतो. आमच्या गल्लीत शेजारची कन्नड अक्का रोज संध्याकाळी आईला बजावायची, “काही सांगू नका हं वहिनी, मला बघायचं आहे.” आईच्या पोटात ते राहायचं नाही. मग दोघींचं भांडण, आणि त्या भांडणातूनच दिवाळीपर्यंत चालणारा वाद: खरा कुठला, विक्रांत की आर्यवर्धन?

वर्षअखेरीला ‘यंदाची सगळ्यात चांगली मालिका कुठली’ हा वाद महाराष्ट्रातही होतो आणि बेंगळूरकडेही. पण तिथे लोक एकाच भाषेतल्या मालिकांची आपसात तुलना करतात. सीमाभागात एकाच कथेची दोन रूपं एकाच घरात, कधी एकाच संध्याकाळी बघितली जातात. त्यामुळे इथला वाद वेगळ्या वळणाचा आहे, आणि त्याचा इतिहासही वेगळा आहे.

पहिला प्रश्न असा, की मराठी मालिका कन्नडमध्ये नव्याने चित्रित का करायची? आवाज बदलून का नाही दाखवायची? याचं उत्तर १९६० च्या दशकात आहे. त्या वेळी कन्नड चित्रपटांची संख्या थोडी होती, बहुतेक काम मद्रासला व्हायचं, आणि तमिळ, तेलुगू, हिंदी चित्रपट कन्नड आवाज चढवून आले तर आपला धंदा उभाच राहणार नाही ही भीती खरी होती. अ. न. कृष्णराव यांच्यासारखे साहित्यिक आणि डॉ. राजकुमार यांच्यासारखे कलावंत डबिंगविरोधी चळवळीत उतरले. कायदा कुठलाच झाला नाही, पण दंडक असा बसला की पुढची चार-पाच दशकं कन्नडमध्ये डब केलेलं काही दिसलंच नाही म्हटलं तरी चालेल. टीव्ही आला तसा तो दंडक टीव्हीलाही लागू झाला. २०१२ मध्ये आमिर खानचा ‘सत्यमेव जयते’ कन्नड आवाजात दाखवायची तयारी होती, ती विरोधामुळे बारगळली. जुलै २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने कर्नाटक चित्रपट वाणिज्य मंडळ आणि दूरचित्रवाणी संघटनेला या अडवणुकीबद्दल दंड केला. तरी टीव्हीवर दार खऱ्या अर्थाने उघडलं ते २०२० च्या टाळेबंदीत. चित्रीकरणं बंद पडली होती, आणि स्टार सुवर्णवर कन्नड आवाजातलं ‘महाभारत’ आलं.

म्हणजे मराठी कथा कन्नड घरात न्यायची असेल तर नवे कलाकार, नवं घर, नवी भाषा घेऊनच न्यावी लागत होती. या सक्तीने आम्हा प्रेक्षकांचं भलंच झालं असं मला वाटतं. डब केलेली मालिका आली असती तर तुलना करायला काय उरलं असतं? ओठ जुळतात की नाही, एवढंच.

दुसरं कारण सोपं आहे: मालक एकच. अल्फा मराठी १९९९ ला आली, पुढे ती झी मराठी झाली. झी कन्नड २००६ ला आली. ईटीव्ही मराठी आणि ईटीव्ही कन्नड दोन्ही २००० साली हैदराबादेतून निघाल्या आणि २०१५ मध्ये दोघींचं नाव कलर्स झालं. स्टार प्रवाह आणि स्टार सुवर्णचं नातं तसंच. कथेचे हक्क घरातल्या घरात, त्यामुळे एका भाषेत चाललेली मालिका दुसरीकडे न्यायला फार खटपट लागत नाही. ‘तुझ्यात जीव रंगला’मधला कोल्हापूरचा राणादा ‘जोडी हक्की’त कन्नड पैलवान झाला. ‘माझी तुझी रेशीमगाठ’ची २०२३ मध्ये ‘सीता रामा’ झाली, परीची सिही झाली.

हे सगळं चॅनलवाल्यांनी आणलं असं मात्र समजू नये. १८४२ च्या सुमारास होन्नावरजवळच्या कर्कीची एक कन्नड भागवत मंडळी सांगलीला खेळ करायला गेली. तो खेळ बघून सांगलीच्या राजांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं, आणि १८४३ ला ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं. मराठी नाटकाचा जन्म सांगताना ही कर्कीची मंडळी एका ओळीत आटोपली जाते, त्याचं मला नेहमी वाईट वाटतं. परक्या भाषेतला खेळ बघायचा, त्याचा सांगाडा घ्यायचा आणि आपल्या भाषेत भरायचा. आजच्या मालिकेचा रीमेक करणारे याहून वेगळं काय करतात? पुढे ऋण फिरलंही. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांचं ‘शाकुंतल’ १८८० ला पुण्यात रंगलं आणि मराठी कंपन्यांचे दौरे हुबळी-धारवाडपर्यंत गाजले. त्याआधीच, १८७० च्या दशकात, मराठी नाटकांचा उत्तर कर्नाटकातला दबदबा बघून गदगच्या शांतकवींनी, म्हणजे सक्करी बाळाचार्यांनी, कन्नड नाटकं लिहून कन्नड मंडळी उभी केली होती. घेणं, देणं आणि चुरस या तिन्ही गोष्टी तेव्हापासून आमच्या पट्ट्यात एकत्र नांदतात.

टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात हे थोडं तुटलं. दूरदर्शनचं मुंबई केंद्र १९७२ चं, बेंगळूरचं १९८१ चं. बेळगाव १९५६ पासून कर्नाटकात, त्यामुळे इथल्या प्रक्षेपकाचं नातं बेंगळूरशी. उपग्रह वाहिन्या आणि केबल आल्यावर मराठी पुन्हा दिवाणखान्यात आली. त्याही आधीचा एक दुवा सांगायलाच हवा. १९८० च्या दशकात शंकर नाग यांनी आगुंबेला ‘मालगुडी डेज’ चित्रित केली. ते होन्नावरकडचे, म्हणजे कर्कीच्याच मुलखातले, आणि नट म्हणून घडले मुंबईच्या मराठी रंगभूमीवर.

आता वादाकडे. बाहेरच्या माणसाला वाटतं, इथे मराठी माणूस मराठी मालिकेची बाजू घेत असेल आणि कन्नड माणूस कन्नडची. तसं होत नाही. ‘अग्गंबाई सासूबाई’त सुनेने सासूचं दुसरं लग्न लावलं, निवेदिता सराफ त्यात सासूबाई होत्या. २०२२ मध्ये तीच कथा कन्नडमध्ये ‘श्रीरस्तु शुभमस्तु’ नावाने आली आणि तिथे सुधाराणी. एकीला आपण ‘धुमधडाका’पासून ओळखतो, दुसरीला कन्नड प्रेक्षक १९८६ च्या ‘आनंद’पासून. तरुणपणी पडद्यावर प्रेम करताना पाहिलेली नायिका पन्नाशीत पुन्हा लाजते, यात या कथेची ताकद आहे, आणि ती कन्नडवाल्यांनी बरोबर ओळखली. सुधाराणींचं काम जास्त आवडलं असं सांगणाऱ्या मराठी बायका मला बेळगावच्या शहापुरात भेटल्या आहेत. ‘तुला पाहते रे’बद्दल उलट: मराठीत वर्षभरात आटोपलेली गोष्ट कन्नडमध्ये साडेतीन वर्षांहून जास्त चालली, मध्येच नायकाचा नटही बदलला, आणि ती ताणली हे कन्नड शेजारीही कबूल करतात.

सगळ्यात जोरात भांडण होतं ते भाषेवर आणि सणांवर. कन्नड मालिकांत बेंगळूर-म्हैसूरकडच्या बोलीचा वरचष्मा. तिथे बायको नवऱ्याला ‘री’ म्हणते; आमच्याकडच्या कन्नडमध्ये ‘री’ भाजीवाल्यालाही लावतात, बस कंडक्टरलाही. त्यामुळे आमच्या गावचा कन्नड माणूससुद्धा त्या संवादांत पुरता रमत नाही, आणि राणादाचं ‘चालतंय की’ मात्र त्याला आपलं वाटतं, कारण कोल्हापूर निपाणीच्या उशाशी आहे. गौरीचंही तसंच. तिकडे गौरी गणपतीच्या आदल्या दिवशी पूजतात, आमच्या घरी ती गणपती बसल्यावर दोन-तीन दिवसांनी येते. कन्नड मालिकेत गौरीची पूजा झाली की आमच्याकडची आजी हमखास म्हणणार, “अगं, अजून गणपती कुठं बसलाय?”

एक गैरसमज दरवर्षी निघतो. ‘आई कुठे काय करते’ ही ‘अनुपमा’वरून उचलली, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. ‘आई कुठे’ डिसेंबर २०१९ ची, ‘अनुपमा’ जुलै २०२० ची. मूळ दोघींचंही बंगाली ‘श्रीमोयी’त, आणि त्याच मुळाची कन्नड मालिका स्टार सुवर्णवर ‘इंती निम्म आशा’ नावाने होती. ‘रंग माझा वेगळा’ची मूळ कथा मल्याळममधली, तिची कन्नड बहीण ‘मुद्दुलक्ष्मी’. ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून. मराठीने फक्त दिलं नाही, भरभरून घेतलंही आहे, आणि वाद घालताना हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

मग निकाल कोण देणार? पुरस्कार घरचेच असतात: झी मराठी झी मराठीच्याच मालिकांना गौरवते, झी कन्नडचे ‘कुटुंब’ पुरस्कार, कलर्स कन्नडचे ‘अनुबंध’, प्रवाहचे ‘प्रवाह परिवार’, सगळे आपापल्या अंगणात. टीआरपीकडे पाहावं तर तिथे आमची अडचण आहे. टीव्हीचे प्रेक्षक मोजणारी बार्क ही संस्था दर आठवड्याला मराठी कार्यक्रमांची जी यादी काढते ती महाराष्ट्र-गोवा या बाजारपेठेची, आणि कन्नडची कर्नाटकाची. खानापुरातली बाई रोज रात्री मराठी मालिका बघते, ती मराठीच्या यादीत धरली जात नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये चॅनल निवडून पैसे भरायचा नियम आला: शंभर चॅनलांना १३० रुपये आणि वर कर, त्यावर सशुल्क चॅनलांचे वेगळे. त्या वेळी आमच्यातल्या कित्येक घरांनी कन्नड पॅक ठेवून वर मराठीचे पैसे भरले. दोन्ही भाषांतलं बघण्यासाठी जास्त मोजणारा हा प्रेक्षक, आणि मराठी मालिकेच्या मोजणीत तोच नाही.

२०२४ पासून प्रवाह उलटाही वाहू लागलाय. जानेवारी २०२४ मध्ये झी कन्नडवर ‘लक्ष्मी निवास’ आली: आयुष्यभर कष्ट करून स्वतःचं घर बांधू पाहणारं वयस्क जोडपं आणि त्यांची मुलं. त्याच वर्षी २३ डिसेंबरला ती झी मराठीवर त्याच नावाने सुरू झाली, हर्षदा खानविलकर आणि तुषार दळवी यांना घेऊन. या वेळी पुढचं ठाऊक होतं ते शेजारच्या अक्काला. तिने पाच वर्षं वाट पाहिली होती. पहिल्याच आठवड्यात ती आमच्या दारात येऊन उभी राहिली, आणि आईनेच हात जोडले, “अक्का, सांगू नका हो, मला बघायचं आहे.”