रुळांच्या क्रमाने लावलेली यादी

बेळगावहून लोंढ्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर देसूर, इदलहोंड, खानापूर आणि गुंजी ही स्थानके याच क्रमाने लागतात. समजा, या स्थानकांवर उतरवायच्या खोक्यांची यादी संगणकात आहे आणि प्रत्येक नोंदीत स्थानक, वजन व मालकाचे नाव लिहिलेले आहे. ही यादी अकारविल्हे लावली, तर इदलहोंड सर्वांत वर जाते आणि पहिले स्थानक असलेले देसूर खानापूर व गुंजी यांच्याही खाली उतरते. वजनावरून लावूनही काही साधत नाही, कारण हवा असलेला क्रम खोक्याच्या अंगी कोठेच नाही. तो रुळांनी ठरवलेला आहे आणि संगणकाला तो वेगळ्या यादीच्या रूपाने द्यावा लागतो. तिला आपण संदर्भ-यादी म्हणू.

नवशिक्याला सुचणारी रीत अशी, की कोणत्याही दोन नोंदींची तुलना करताना दोघींची स्थानके संदर्भ-यादीत शोधायची आणि जे आधी सापडेल ते वर ठेवायचे. पाच-सहा स्थानके असताना यात काही बिघडत नाही. मात्र १००० नोंदी आणि २०० स्थानके असली, तर चांगल्या क्रमवारी-पद्धतीलाही सुमारे १० हजार तुलना कराव्या लागतात. प्रत्येक तुलनेत दोन शोध आणि प्रत्येक शोधात सरासरी १०० स्थानके चाळायची म्हटली, तर हा हिशेब २० लाख पायऱ्यांवर जातो. एकच स्थानक संगणक पुन्हापुन्हा नव्याने शोधत बसतो, आणि खरा अपव्यय तेथेच आहे.

त्यावरचा उपाय म्हणजे संदर्भ-यादी एकदाच वाचून प्रत्येक स्थानकापुढे त्याचा अनुक्रमांक लिहिलेला कोश तयार करणे. पायथॉन या संगणकभाषेत अशा कोशाला डिक्शनरी म्हणतात, जावास्क्रिप्ट या भाषेत मॅप. त्यात शोध घेताना यादी चाळावी लागत नाही; नावावरून गणिताने जागा काढली जाते आणि उत्तर बहुधा एका झटक्यात मिळते. मग प्रत्येक खोक्याला आकडा चिकटवायचा आणि आकड्यांवरून क्रम लावायचा. टपालाचे वर्गीकरण करणारा माणूस तर तुलनाही करत नाही: प्रत्येक गावासाठी एक खण, पत्र त्या खणात, आणि शेवटी खण ओळीने रिकामे करायचे. अनुक्रमांक हाती असल्यावर संगणकालाही हे जमते, आणि स्थानके मोजकी असतील तर माझ्या मते हीच रीत अधिक सरळ आहे.

अकारविल्हे क्रम तरी निसर्गदत्त कोठे आहे? तीही एक संदर्भ-यादीच. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो आणि कन्नड वर्णमालेतही त्याची जागा तीच आहे, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, देवनागरी ‘ल’चा क्रमांक २३५४, ‘ळ’चा २३५५ आणि ‘व’चा २३५७ आहे. केवळ या क्रमांकांवर भिस्त ठेवणारा प्रोग्रॅम म्हणूनच काळे, कावळे, कासार असा क्रम लावतो, तर मराठी शब्दकोशाच्या शिस्तीने तो कावळे, कासार, काळे असा हवा.

एकाच स्थानकाची अनेक खोकी असतील, तर त्यांचा आपसांतला मूळ क्रम टिकणेही महत्त्वाचे असते. हा गुण पायथॉनच्या क्रमवारीत आहे, आणि जावास्क्रिप्टमध्ये २०१९च्या मानकाने तो बंधनकारक केला.

संदर्भ-यादीत नसलेले स्थानक आले, की खरी पंचाईत होते. जावास्क्रिप्टमध्ये यादीत थेट शोध घेतला, तर न सापडलेल्या वस्तूला उणे १ हा क्रमांक मिळतो आणि ती गुपचूप सर्वांच्या वर जाऊन बसते. पायथॉनची यादी अशा वेळी चूक दाखवून थांबते, आणि ते परवडले. अनोळखी नोंदीला मुद्दाम शेवटच्या क्रमांकापुढचा आकडा द्यावा, म्हणजे ती तळाशी राहते आणि नजरेस पडते. आपल्या सीमाभागात हा प्रसंग अपवादाने येत नाही. १ नोव्हेंबर २०१४पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, पण मराठी माणूस बेळगावच लिहितो. काही नोंदी कन्नड लिपीतही असतात. माणसाला ही तिन्ही एकच गाव वाटतात, तर कोशाच्या दृष्टीने ती तीन वेगळी नावे आहेत. त्यामुळे नाव जसेच्या तसे न वापरता, रेल्वे प्रत्येक स्थानकाला देते तसा एकच ठरीव संकेत प्रत्येक नोंदीत आधी भरून घ्यावा आणि कोशही त्याच संकेतावर बांधावा.