परस्परसंमतीचा घटस्फोट आणि ते सहा महिने

‘म्युच्युअल’चा अर्ज दाखल झाला की पुढच्या तारखेआधी सहा महिने थांबायचं. वकील याला कूलिंग पिरियड म्हणतात. घटस्फोटाच्या कायद्यात याहून वजनदार कलमं आहेत, पण नवरा-बायकोच्या मनाबद्दल कायदा काय समजून चालतो, हे इथेच सर्वांत स्पष्ट दिसतं.

जुना भाग थोडक्यात. बऱ्याच जातींत काडीमोड रूढीनेच होता. इंग्रजी अमलातल्या कोर्टात मात्र नांदायला नकार देणं महागात पडे. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या मुंबईतल्या एका तरुणीला 1887 मध्ये हुकूम झाला, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. तिने कैदेची तयारी दाखवली. पुढल्या वर्षी दोन हजार रुपयांवर प्रकरण मिटलं.

मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा 1947 मध्ये आला, देशभर 1955 मध्ये. तेव्हा छळ सिद्ध झाला तरी न्यायिक विभक्तताच मिळे. वेगळं राहा, लग्न मात्र कायम. छळ आणि परित्याग ही घटस्फोटाची कारणं झाली ती 1976 च्या दुरुस्तीने, आणि त्याच दुरुस्तीने कलम 13-ब आणलं. वर्षभर वेगळं राहिलेल्या जोडप्याने मिळून अर्ज करायचा आणि सहा ते अठरा महिन्यांच्या आत पुन्हा येऊन तेच सांगायचं.

मधला काळ ठेवला तो रागाच्या भरात घर मोडू नये म्हणून. हेतू चांगलाच. पण यात राग आणि द्वेष एकाच मापाने मोजले गेले. राग निवतो. ज्याच्यावर जीव टाकला त्याच्याबद्दल साठलेला द्वेष दर तारखेला कोर्टाच्या पायरीवर नव्याने तापतो. एक वर्ष आधीच वेगळ्या घरात काढलेल्यांना आणखी सहा महिने कशासाठी, याचं पटेल असं उत्तर कुणी दिलेलं नाही.

दुसरी बाजू खोटी नाही. अंतिम हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती काढून घेऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या निकालाने ठरवलं. सासर-माहेरच्या दडपणाखाली सही केलेल्या बाईला हे सहा महिने खरंच उपयोगी पडू शकतात. तीच मुभा पोटगीचा आकडा ताणायलाही वापरता येते, हा भाग वेगळा.

2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने हा काळ बंधनकारक नसल्याचं सांगितलं. दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं, समेटाचे प्रयत्न थकलेले, पोटगी आणि मुलांचा ताबा मिटलेला, आणि थांबल्याने यातनाच वाढणार असतील, तर तो माफ करता येतो. इथे पहिल्यांदा मान्य झालं की माणसं सावरतात ती हिशेब मिटल्यावर, कॅलेंडर पुढे सरकल्याने नव्हे.

लग्न सावरण्यापलीकडे गेलं एवढ्याच कारणावर घटस्फोट द्यावा, ही शिफारस 1978 पासूनची. त्यासाठी आलेलं विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, पण त्याचा कायदा झाला नाही. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तसा घटस्फोट देता येतो म्हटलं, तेही घटनेच्या कलम 142 ने त्याच न्यायालयाला दिलेल्या खास अधिकाराखाली, म्हणजे फक्त दिल्लीच्या त्या एका कोर्टात. जिल्ह्याच्या ठिकाणी जोडीदार सही करायला तयार नसेल, तर आजही छळ किंवा परित्यागासारखं एखादं कारण सिद्ध करावं लागतं. एकेकाळच्या आपल्या माणसाविरुद्ध मग सगळं शपथेवर लिहून द्यावं लागतं.