दोन लुगडी भिजली म्हणजे किती?

माझी आजी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. तिच्या बाळंतपणांच्या गोष्टींत मापं असायची, पण ती सगळी कापडाची. "तुझ्या मोठ्या आत्याच्या वेळेला दोन लुगडी भिजली", "धाकट्याच्या वेळेला एका पंचात भागलं". दोन लुगडी म्हणजे बाई वाचली हेच नशीब. एक पंचा म्हणजे सुखरूप सुटका. एका नऊवारीत किती मिलिलिटर रक्त मुरतं, असं तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिनं नुसता पदर तोंडाला लावला असता.

गंमत अशी, की पंचवीसेक वर्षांपूर्वी मोठ्या दवाखान्यातलं मापही याहून फार निराळं नव्हतं. भिजलेले बोळे, चादर, खालचा ट्रे यांच्याकडे एक नजर टाकायची आणि केसपेपरवर आकडा लिहायचा. नजर इथे विचित्र फसते. रक्त थोडंच गेलं असेल तर ते डोळ्यांना जास्त वाटतं, आणि खरोखर खूप गेलं असेल तर कमी वाटतं. म्हणजे चूक नेमकी तिथे होते, जिथे ती परवडणारी नसते.

बेळगावची एक गोष्ट या चुकीपासून सुरू होते. सीमाभागातल्या आपल्या लोकांना बेळगाव म्हटलं की कोर्टातला खटला, पाट्या आणि कुंदा आठवतो. प्रसूतिशास्त्रातल्या संशोधकांना मात्र हे गाव वेगळ्या कारणानं ठाऊक आहे.

आधी शरीराचं गणित बघू. नऊ महिने भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. बाळ बाहेर आलं, मागोमाग वार (प्लासेंटा) सुटली, की ती जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्यांना गाठ मारायला बाहेरून कुणी येत नाही. गर्भाशयाच्या स्नायूंचे धागे एकमेकांत आडवेतिडवे विणलेले असतात आणि या रक्तवाहिन्या त्या विणीतूनच जातात. बायका ज्याला 'पिशवी' म्हणतात ती आवळली, की वीण घट्ट होते आणि वाहिन्या जागच्या जागी चिमटल्या जातात. पिशवी सैल राहिली, तर नळ उघडाच. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाच्या दहापैकी सातेक घटनांचं मूळ या सैलपणात असतं. उपचार मिळाले नाहीत तर धडधाकट बाईसुद्धा साधारण दोन तासांत जाऊ शकते. 'अंगावरून गेलं आणि बाई गेली' हे वाक्य आमच्याकडच्या कुठल्या घरानं ऐकलेलं नाही?

पुस्तकांनी यासाठी एक रेघ आखली होती: ५०० मिलिलिटरच्या पुढे गेलं तर तो अतिरक्तस्राव. पण मोजायला भांडंच नसेल तर रेघ कुठे मारायची?

बेळगावचं केएलई संस्थेचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ सालचं. महिला आणि बालआरोग्यासाठी अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेनं २००१च्या सुमारास गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या केंद्रांचं एक जाळं उभारलं, त्यात हे महाविद्यालय सामील झालं. इथले डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांचे सहकारी, तिकडचे रिचर्ड डरमन, स्टेसी गेलर वगैरे मंडळी एकत्र आली. त्यांना एक गोळी तपासायची होती. पण गोळीनं रक्त कमी जातं हे दाखवायचं तर आधी रक्त मोजता आलं पाहिजे, आणि तेही घरी किंवा उपकेंद्रात, कंदिलाच्या उजेडात, एकट्या नर्सबाईला.

त्यातून एक चादर निघाली. पारदर्शक प्लास्टिकची, कमरेला बांधायचे पट्टे असलेली, खालच्या बाजूला नरसाळ्यासारखी निमुळती होत गेलेली. त्या निमुळत्या भागावर मिलिलिटरच्या खुणा. बाळ बाहेर आलं आणि गर्भजल वाहून गेलं, की बाईच्या खाली ही चादर सरकवायची. रक्त आपोआप त्या निमुळत्या भागात उतरतं आणि कुणीही वाचू शकेल असा आकडा समोर दिसतो. बनवणाऱ्या सात जणांच्या नावांची आद्याक्षरं जुळवून तिचं नाव ठेवलं 'ब्रास-व्ही'. चादर आणि नजर यांची तुलना केली तेव्हा नजरेचा अंदाज सुमारे ३३ टक्क्यांनी कमी भरला. शिकलेल्या, अनुभवी डोळ्यांचा अंदाज, बरं का. आजीच्या लुगड्यांना हसायचं कारण नाही.

आता गोळीकडे. मिसोप्रोस्टॉल हे मुळात जठरातल्या अल्सरवरचं औषध. त्याचा दुसरा गुण म्हणजे ते गर्भाशय आवळतं. पिशवी आवळण्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन त्याहून सरस मानलं जातं, पण ते २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं आणि टोचायला हात लागतो. खानापूरच्या रानातल्या उपकेंद्रात पावसाळ्याचे चार महिने वीज किती वेळ असते, हे तिथल्यांना विचारा. मिसोप्रोस्टॉलच्या गोळीला ना फ्रिज लागतो, ना सुई. पाण्याबरोबर गिळली की झालं. फक्त एक पथ्य कडक पाळायचं: बाळ बाहेर आल्यावर आणि पोटात दुसरं नाही याची खात्री झाल्यावरच ती द्यायची. आधी दिली तर कळा इतक्या जोराच्या येतात की गर्भाशय फाटू शकतं.

सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ही चाचणी झाली. बाळंतपणं केली २५ नर्सबाईंनी, तज्ज्ञ डॉक्टरांनी नव्हे. एकूण १६२० बाया. त्यातल्या ८१२ जणींना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल आणि ८०८ जणींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कुणाला कुठली द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडलेलं, आणि हातात आहे ती कुठली, हे नर्सबाईलाही माहीत नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं. माहीत असतं तर औषध न मिळालेलीचं पोट, पिशवी आवळावी म्हणून, तिनं थोडं जास्त चोळलं असतं. माणूस आहे.

निकाल २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बिनऔषधाच्या गटात शंभरातल्या १२ जणींना अतिरक्तस्राव झाला, औषधाच्या गटात ६.४ जणींना. एक लिटरच्या वरचा, जीवघेणा रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. पहिल्या दोन आकड्यांची वजाबाकी करा: ५.६. शंभर जणींना गोळी दिली तर ५.६ जणी वाचतात, म्हणजे साधारण दर १८ बायांमागे एकीचा अतिरक्तस्राव टळतो. उरलेल्या सतरा जणींपैकी बहुतेकींना गोळी घेतली नसती तरी काही झालं नसतं, आणि एखादीला घेऊनही रक्तस्राव होतोच. सार्वजनिक आरोग्याची भाषा ही अशी. आपल्याला ती थोडी कोरडी वाटते, कारण आपण कायम एकाच बाईकडे, आपल्या बाईकडे बघत असतो. गोळीची किंमत म्हणून थंडी वाजून कापरं भरणं आणि थोडा ताप, तोही काही वेळापुरता.

इथे एक प्रश्न टोचतो आणि तो टाळू नये. आठशे गरीब बायांना खोटी गोळी देणं बरोबर होतं का? संशोधकांची बाजू अशी, की त्या काळी तिथल्या घरगुती आणि उपकेंद्रातल्या बाळंतपणांत पिशवी आवळणारं औषध दिलंच जात नव्हतं, त्यामुळे कुणाच्या ताटातलं काढून घेतलेलं नाही. शिवाय चाचणीतल्या प्रत्येक बाळंतपणाला प्रशिक्षित नर्स होती आणि रक्त मोजलं जात होतं. हे मला बव्हंशी पटतं. 'बव्हंशी' म्हणतो, कारण 'तिथे तसंही काही मिळत नव्हतं' हे वाक्य संशोधनाला जितकं सोयीचं, तितकंच सरकारला लाजिरवाणं आहे. अशा चाचण्यांचं संमतीपत्र बाईला समजेल त्या भाषेत वाचून दाखवावं लागतं, आणि तिला वाचता येत नसेल तर अंगठा घेताना तटस्थ साक्षीदार लागतो. सीमाभागात 'समजेल ती भाषा' ही साधी बाब नसते. एकाच गल्लीत सासू मराठी, सून कानडी अशी घरं आहेत.

भाषेवरून आठवलं. कर्नाटकात गरोदर बाईला जे कार्ड देतात त्याला 'तायी कार्ड' म्हणतात. कानडीत तायी म्हणजे आई. आमच्या बायका सरळ 'ताई कार्ड' म्हणतात, आणि ते ताईंनी, म्हणजे आशाताईंनी दिलेलं कार्ड असतं, यावर त्यांचा ठाम विश्वास. काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत. बेळगाव तालुक्यात दिलेली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडची मुलगी सातव्या महिन्यात माहेरी जाते. घर तीस-चाळीस किलोमीटरवर, पण राज्य बदललं, कार्ड बदललं, नर्सबाई बदलली. सासरच्या वहीत ती 'गेली', माहेरच्या वहीत ती 'उशिरा आलेली'. संशोधनात अशा बाईला 'पाठपुराव्यातून सुटलेली' म्हणतात, आणि अशा सुटलेल्या जास्त झाल्या की अख्ख्या अभ्यासावरचा भरवसा उडतो. म्हणून बेळगावच्या केंद्रानं पुढे निवडक भागांतल्या प्रत्येक गरोदर बाईची नोंद ठेवणारी जी नोंदवही चालवली, तिचं मोल मला गोळीइतकंच वाटतं. त्यात दिवस गेल्यापासून बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत बाई आणि बाळ दोघांचा माग ठेवतात. मातामृत्यूची जगभरची व्याख्याही तीच, ४२ दिवसांची. आपला 'सव्वा महिना' त्याच्या जवळपास येतो. बाळंतिणीला जपायचा काळ किती, याचा अंदाज आज्यांना होता म्हणायचा.

२०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. त्यामागच्या पुराव्यांत बेळगावची चाचणी ठळक होती. ऑक्सिटोसिनची कथा मात्र आपल्याकडे वेगळीच रंगली. म्हशीला पान्हा फुटावा म्हणून चोरून टोचलं जाणारं इंजेक्शन तेच. त्या गैरवापराला आळा घालायला केंद्रानं २०१८ साली खासगी कंपन्यांना ते बनवायला बंदी केली आणि देशभरच्या बाळंतिणींची गरज बंगळुरूच्या एकाच सरकारी कंपनीवर सोपवली. म्हशीचं दुखणं बाईच्या अंगावर. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला.

चादरीचा प्रवास त्याहून संथ झाला. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांतून दोन लाखांहून जास्त बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे खुणांची तशीच चादर वापरली, आणि रेघ ओलांडली की पोट चोळणं, औषधं, सलाइन, तपासणी हे सगळं एकदम सुरू करायचं ठरवलं. गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर उतरले. नेहमीच्या पद्धतीत अतिरक्तस्राव झालेल्यांपैकी निम्म्याच ओळखू आल्या होत्या, चादरीनं ९३ टक्के ओळखल्या. त्यात नवं औषध एकही नव्हतं. असलेलं वेळेवर दिलं, इतकंच. बेळगावात या प्रकारच्या चादरीनं रक्त मोजायला लागल्याला तेव्हा वीस वर्षं झाली होती. चांगली कल्पना एवढी का रेंगाळते, याचं उत्तर माझ्या मते तिच्या साधेपणातच आहे. प्लास्टिकच्या चादरीचा प्रतिनिधी डॉक्टरांच्या केबिनबाहेर ताटकळत बसत नाही.

मधल्या काळात बाळंतपणंही घरातून दवाखान्यात गेली. कर्नाटकात २००५-०६ मध्ये शंभरातली ६५ दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये ९७. लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००१-०३ मध्ये कर्नाटकात २२८ होते, २०१८-२० मध्ये ६९. महाराष्ट्रात याच काळात १४९ वरून ३३. सीमेच्या दोन्ही बाजूंना आकडा उतरला, पण २०१८-२० मध्ये कर्नाटकचा आकडा महाराष्ट्राच्या दुपटीचा होता. हे कुणाला टोमणा मारायला सांगत नाही. चंदगडची माणसं आजार बळावला की बेळगावलाच धावतात, हेही खरंच.

आता पुन्हा त्या ५०० च्या रेघेकडे. ही रेघ सगळ्या बायांना सारखी आहे, आणि बाया सारख्या नसतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त, ५२ टक्के गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. निपाणीकडे दिवसभर विड्या वळत बसणारी पंचेचाळीस किलोची बाई आणि शहरातली पासष्ट किलोची बाई यांच्या शरीरात मुळात रक्ताचा साठाच निरनिराळा. शहरातल्या बाईला अर्धा लिटर सोसतं, विड्या वळणारीची त्याआधीच वाट लागते. यावर दोन बाजूंनी काम चाललं आहे. एक म्हणजे साठाच वाढवणं. गरोदरपणात रोजच्या लोहाच्या गोळ्यांऐवजी शिरेतून एकदाच लोह द्यावं का, याची ४३२० बायांवरची मोठी चाचणी कर्नाटक आणि राजस्थानात झाली, आणि तिच्यातही बेळगावचं केंद्र होतं. त्या गोळ्यांनी मळमळतं, शी काळी होते, आणि मग त्या डब्यात पडून राहतात. आशाताईंना हे केव्हापासून ठाऊक आहे.

दुसरी बाजू रेघेची. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ मध्ये सांगितलं, की ५०० ची वाट बघू नका. ३०० मिलिलिटर गेलं आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला, की तिथेच उपचार सुरू करा. तरण्या बाईचं शरीर बराच वेळ तग धरतं, दाब उशिरा पडतो, पण नाडी आधी धावायला लागते. म्हणजे आता चादरीकडे बघायचं, नाडीवर बोट ठेवायचं आणि नुकतं जन्मलेलं बाळही पुसून गुंडाळायचं, सगळं एका वेळी. त्याला निदान दोन माणसं लागतात. रात्रीच्या वेळी उपकेंद्रात असते ती एकच नर्सबाई.