फायबर होडीच्या बुडाची घरगुती दुरुस्ती

काचतंतूंची मॅट आणि रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) यांच्या थरांनी घडवलेल्या होडीच्या कवचाला पडलेली भेग, भोक किंवा सुटलेला थर कारखान्यात न नेता अंगणात, शेडमध्ये अथवा तलावाच्या काठावर भरून काढण्याचे काम. हे काम साधारण हातोटीच्या माणसाला जमते. मात्र त्यातला मोठा वाटा घासण्याचा आणि वाळवण्याचा असतो, थर लावण्याचा नाही. फसलेल्या बहुतेक ठिगळांचे मूळ या दोन गोष्टींतल्या घाईत सापडते.

काचतंतूंचे व्यापारी उत्पादन अमेरिकेत 1930 च्या दशकात सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यापासून होड्या बनू लागल्या आणि 1950 नंतर लहान होड्यांत लाकूड मागे पडत गेले.

नागपूर आणि पाणी : शहर समुद्रापासून दूर असले तरी पाण्याला तोटा नाही. शहरात अंबाझरी, फुटाळा आणि गोरेवाडा आहेत. रामटेकजवळ खिंडसी, तर पेंच नदीवर तोतलाडोह आणि नवेगाव खैरी ही धरणे आहेत. पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी (जुन्या मालगुजारांच्या काळातले) तलाव आणि बोड्यांचा, म्हणजे लहान तळ्यांचा, मुलूख सुरू होतो. तिथल्या ढिवर मासेमारांचा डोंगा लाकडी. फायबरची होडी दिसते ती नौकाविहाराच्या ठिकाणी, मोठ्या जलाशयांवर आणि बचावकार्यात. 22-23 सप्टेंबर 2023 च्या रात्री मुसळधार पाऊस होऊन अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांतून माणसांना होड्यांनी बाहेर काढावे लागले. अशा पाण्यात बूड कंपाउंडच्या भिंतीला, बुडालेल्या गाडीच्या टपाला किंवा लोखंडी गेटला कधी घासेल याचा नेम नसतो.

कोकणपट्टीवर होड्या बांधणाऱ्यांच्या वाड्या आहेत, तशी सोय इथे नाही. पण नागपुरात फायबरच्या टाक्या, कूलरच्या बॉडी आणि पुतळे करणारे कारागीर आहेत आणि साहित्य तेच लागते : रेझिन, कोबाल्ट (रेझिन पिकण्याचा वेग वाढवणारा द्राव), हार्डनर (रेझिन घट्ट करणारे रसायन), मॅट. फरक एवढाच की कूलरची टाकी गळली तर फरशी ओली होते. होडीच्या बुडावर माणसे बसलेली असतात, म्हणून कूलरला चालणारी घाई इथे चालत नाही.

नुकसान कशाने होते : जलाशयाची पातळी उन्हाळ्यात खाली गेली की एरवी पाण्याखाली असलेले खडक आणि झाडांचे बुंधे वर येतात. त्यात होडी मुरमाच्या काठावरून ओढत नेण्याची सवय. रोज थोडा जेलकोट, म्हणजे कवचावरचा बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर, झिजतो, मग आतली मॅट उघडी पडते आणि तंतूंच्या वाटेने पाणी कवचात शिरते. उन्हात उलटी ठेवलेली होडी वेगळ्या तऱ्हेने खराब होते. जेलकोटवर पांढरी भुकटी येते आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पसरतात. नुसती भुकटी पॉलिशने जाते. भेगा मात्र एकाच जागी गोळा झाल्या असतील तर खालचे कवच तिथे लवते आहे असे समजावे. ती जागा आतून बळकट केल्याशिवाय वरून लांबी (पुट्टी) भरण्यात अर्थ नाही.

डोळ्यांना दिसणारे भोक हे नुकसानीचे मध्य असते, सीमा नव्हे. सीमा कानाने शोधतात. नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बुडावर बोटाबोटाच्या अंतरावर ठोकत जावे. धड जागी टणक, स्वच्छ आवाज येतो. थर सुटलेला असेल तिथे आवाज बद्द होतो. ही बद्द हद्द पेन्सिलने आखून घ्यावी. पाच सेंटिमीटरच्या भोकाभोवती तळहाताएवढी जागा सुटलेली निघणे नवलाचे नाही. मागच्या उभ्या पाटीत, म्हणजे इंजिन टांगतात तिथे, पुष्कळदा प्लायवूड असते. ते कुजलेले निघाले तर काम घरगुती राहत नाही.

वाळवणे : ओल्या कवचावर लावलेला थर वरून घट्ट दिसतो आणि पुढे एका पत्र्यासारखा निघून येतो. साधी तपासणी अशी : प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा बुडावर चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवून एक दिवस ठेवावा. आतून थेंब दिसले तर कवचात अजून पाणी आहे. दुहेरी बुडाच्या होडीत तरंगण्यासाठी भरलेला फोम पाणी धरून बसतो. बाहेरून सगळे कोरडे वाटले तरी होडी उचलताना जड लागते, यावरून ते लक्षात येते.

नागपूरच्या हवेचा इथे उपयोगही आहे आणि त्रासही. मार्च ते मे कोरडी गरम हवा बूड लवकर सुकवते. पण त्याच हवेत रेझिन हातात राहत नाही. 25 अंशांना पंधरा-वीस मिनिटे चालणारा घोळ मेच्या दुपारी, पारा 45 कडे गेलेला असताना, पाचएक मिनिटांत थिजतो. पावसाळ्यात हवा इतकी ओली की पॉलिएस्टर रेझिन नीट पिकत नाही, म्हणजे घट्ट होत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा 10 अंशांच्या आसपास येतो तेव्हाही पिकणे थांबते. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे दिवस उत्तम. उन्हाळ्यातच करणे भाग असेल तर वाळवणे दुपारी आणि थर लावणे भल्या सकाळी. टिनाच्या शेडखाली दुपारी काम करू नये. आणि होडीच्या दिशेने कूलर लावू नये : तो गारव्याबरोबर ओल फेकतो.

घासणे : फायबरचा नवा थर जुन्यात वितळून एकजीव होत नाही. पिकलेल्या कवचावर तो केवळ चिकटतो. त्यामुळे चिकटण्याला जागा जितकी जास्त, तितके ठिगळ पक्के. नियम असा की कवचाच्या जाडीच्या बारापट रुंद उतार चारही बाजूंनी घासावा. कवच सहा मिलिमीटर जाड आणि भोक पाच सेंटिमीटरचे असेल तर प्रत्येक बाजूला सव्वासात सेंटिमीटर, म्हणजे घासलेले वर्तुळ जवळपास वीस सेंटिमीटरचे होते. एवढ्याशा भोकासाठी एवढी मोठी धड जागा खरवडायला मन धजत नाही. पण तिथे कचरलेले ठिगळ पहिल्याच दगडाला सुटते.

ग्राइंडरला 36 किंवा 40 नंबरची चकती लावून उतार काढला की जुने थर एकामागून एक कडीसारखे उघडे पडतात. कड्या सारख्या रुंदीच्या दिसल्या तर उतार एकसारखा आला. एखादी कडी अचानक रुंद झाली तर तिथे हात सपाट चालला आहे. या कड्या मोजल्या की किती थर परत लावायचे तेही कळते. शेवटी 80 नंबरच्या कागदाने हात फिरवून, भुकटी झटकून, ॲसिटोनच्या स्वच्छ फडक्याने पुसावे. त्यानंतर त्या जागेला उघड्या बोटाने शिवू नये.

काचेची भुकटी अंगाला लागली की रात्रभर खाज सुटते. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, चष्मा आणि एन-95 मास्क हवाच. अंघोळ थंड पाण्याने करावी.

रेझिन : बाजारात मिळणारे साधे पॉलिएस्टर रेझिन बहुधा कोबाल्ट न घातलेले असते. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट घालून पूर्ण ढवळायचे आणि मगच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. ते भडकतात, स्फोटही होतो. दोन्हींसाठी एकच माप वापरणेसुद्धा टाळावे. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

हार्डनर रेझिनच्या वजनाच्या 1 ते 2 टक्के लागतो. नागपूरच्या उन्हाळ्यात 1 टक्क्याच्या आसपासच राहावे. वर दिलेल्या भोकाला 450 ग्रॅमी (चौरस मीटरला 450 ग्रॅम भरणाऱ्या) मॅटचे सहा थर पुरतात, कारण एक थर साधारण एक मिलिमीटर जाडी देतो. मॅट चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम भरते आणि तिच्या सव्वादोनपट, म्हणजे शंभर ग्रॅम रेझिन लागते. ते एका दमात कालवू नये. पन्नास ग्रॅमला अर्धा ग्रॅम हार्डनर म्हणजे काही थेंब. ते सुई काढलेल्या सिरिंजने मोजता येतात, अंदाजाने नाही. हार्डनर घालून कालवलेले, पण उरलेले रेझिन डब्यात ठेवले की आपोआप तापते, धूर सोडते. डबा उघड्यावर वाळूत ठेवावा.

रेझिन पातळ ठेवणाऱ्या स्टायरीन या द्रावकाची वाफ 31-32 अंशांना पेट घेण्याजोगी होते. याचा अर्थ एप्रिल-मेत सावलीतसुद्धा ती मर्यादा ओलांडलेली असते. बिडी, अगरबत्ती, ग्राइंडरची ठिणगी, काहीच जवळ नको.

इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचे रेझिन जुन्या कवचाला पॉलिएस्टरपेक्षा घट्ट धरते आणि पाण्याखालच्या भागासाठी तेच बरे. महाग पडते, शिवाय मिश्रणाचे प्रमाण काटेकोर लागते. त्यात मॅटऐवजी विणलेले कापड वापरावे, कारण मॅटचे तंतू धरून ठेवणारा बांधक स्टायरीनमध्येच विरघळतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसते. वर जेलकोट नीट धरत नाही, रंग लावावा लागतो.

थर : आतून हात पोचत असेल तर भोकाला टेप गुंडाळलेल्या पुठ्ठ्याचा आधार द्यावा. उतारामुळे मॅटचे तुकडे लहान-मोठे कापावे लागतात; आधी लहान तुकडा की आधी मोठा, यावर कारागिरांत दोन तट आहेत. आधी मोठा लावणे अधिक पटणारे, कारण पहिलाच अखंड थर सगळ्या उताराला धरतो. कोरडी मॅट पांढरी असते, रेझिन शिरले की पारदर्शक होते. पांढरा ठिपका उरला तर आत हवा आहे. ब्रशने घासू नये, टोकाने टिपत जावे आणि दातेरी रोलर फिरवावा. तीन थरांनंतर थांबून हात लावून पाहावा. गरम असेल तर निवू द्यावे, नाहीतर ठिगळ ओढले जाऊन वाकते.

शेवटचा थर हवेत चिकट राहतो, तो त्याचा स्वभाव आहे. जेलकोट लावून त्यावर पारदर्शक फिल्म दाबली की हवा तुटते आणि तो पिकतो. मग वॉटर पेपर 220 पासून 800-1000 पर्यंत आणि पॉलिश. रंग जुन्याशी जुळवणे हा वेगळाच खेळ आहे. सूर्याने फिकटलेल्या निळ्याला डब्यातला निळा कधीच लागत नाही.

एम-सीलची (हाताने मळून लावायच्या इपॉक्सी लांबीची) गोळी दाबून बुजवलेले भोक ही तात्पुरती गाठ आहे. काठापर्यंत पोचायला ठीक. पुढे खरी दुरुस्ती करताना ती पूर्ण खरवडून काढावी लागते.

कायदा : अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 ने 1917 चा जुना कायदा बाजूला सारला. इंजिनच्या जलयानांना त्यात तपासणी आणि नोंदणी आहे. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या होडीच्या बुडाला घरी ठिगळ लावले असेल तर ती पाण्यात सोडण्याआधी तपासनीसाला दाखवावी. स्वतःच्या लहान होडीसाठी किमान एवढे करावे : पूर्ण आठवडा पिकू द्यावे, पुन्हा नाण्याने ठोकून पाहावे आणि पहिल्यांदा काठाजवळच्या कमरेएवढ्या पाण्यात, आत वाळूची पोती ठेवून, तासभर तरंगत ठेवून बुडाशी पाणी झिरपते का ते बघावे.