१६ की ३२ ओहम? इन-इअर हेडफोन निवडण्याच्या वादाची पार्श्वभूमी

छोट्या म्युझिक प्लेअरसाठी कानात घालायचे हेडफोन घ्यायला गेलात की खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तीन आकडे सापडतात: २० ते २०,००० हर्ट्झ, शंभराच्या आगेमागे डेसिबल, आणि १६ किंवा ३२ ओहम, म्हणजे हेडफोनचा इम्पिडन्स, तो विजेला करतो तो अडथळा. पहिला जवळपास सगळ्याच खोक्यांवर सारखा असतो, म्हणून तो कुणी वाचत नाही. दुसरा जितका मोठा तितका चांगला, अशी समजूत आहे. वाद रंगतो तो तिसऱ्यावरून. "पोर्टेबलला १६ ओहमचाच घे, ३२चा वाजणार नाही" हे वाक्य मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. तेव्हा दुकानदार सांगायचा, आता पुतण्या सांगतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं प्लेअरच्या जॅकच्या आत दडलेलं असतं आणि ते खोक्यावर सहसा छापत नाहीत.

फार मागे जायची गरज नाही. ट्रान्झिस्टरवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायला एका कानात खुपसायचा एकुलता इअरफोन अनेकांच्या आजोबांकडे होता. गाणं ऐकण्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. १ जुलै १९७९ ला जपानात वॉकमन विक्रीला आला, तो डोक्यावरून जाणाऱ्या पट्टीचा आणि फोमच्या गाद्यांचा हेडफोन घेऊन. १९८२ मध्ये त्याच कंपनीने पट्टी काढून टाकली आणि कानाच्या खळग्यात नुसता टेकणारा प्रकार आणला. त्याला इअरबड म्हणतात, किंवा म्हणायचे. आता त्याच शब्दाने बिनवायरीचे, कानात शिरणारेही ओळखले जातात, आणि आमच्या आईला इअरबड म्हटलं की कान साफ करायची कापसाची काडीच आठवते.

कानाची नळी बंद करून बसणारा प्रकार ज्या वाटेने संगीतात आला, ती वाट श्रवण-तपासणीच्या खोलीतून येते. तपासणीच्या वेळी बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून १९८० च्या दशकात फोमच्या बोंडासकट कानात बसणारे इअरफोन वापरात आले. ते बनवणाऱ्या अमेरिकेतल्या कंपनीने १९९१ मध्ये त्याच विद्येवर गाणी ऐकण्यासाठी ईआर-४ हे मॉडेल काढलं. आत श्रवणयंत्रात असतो तसा चिमुकला 'बॅलन्स्ड आर्मेचर' ड्रायव्हर, म्हणजे विजेचा आवाज करणारा भाग. पुढे १९९५ च्या सुमारास, मंचावरच्या गदारोळात स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून एका रॉक बँडच्या ड्रमरसाठी कानाच्या साच्यावरून इअरफोन घडवले गेले. 'मॉनिटर' हा शब्द मंचावरून आला आणि पुढे 'इन-इअर मॉनिटर', थोडक्यात आयईएम, म्हणून हौशी मंडळींच्या तोंडी बसला.

हे बोंड कानात बसवणं ही एक कलाच आहे. फोम दोन बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोंड आत सारायचं आणि ते फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचं. नीट बसलं तर डोक्यावरच्या पंख्याची घरघर विरते. नाही बसलं तर तबल्यातला डग्गा जातो आणि नुसती चाट ऐकू येते. "याला बेसच नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा रबराच्या मापात असतं. लोक मात्र खोकं उलटून ओहम बघतात.

तर ओहमकडे येऊ. ईआर-४ एस हे रूप १०० ओहमचं होतं. घरच्या ॲम्प्लिफायरवर ते उत्तम चाले, पण खिशातल्या प्लेअरची ताकद पुरी पडेना. म्हणून कंपनीने २७ ओहमचं ईआर-४ पी आणलं. दोन्हींतला फरक मुख्यतः तारेत घातलेल्या रेझिस्टरचा. मध्ये ७५ ओहमचा जोड लावला की ४ पी चा ४ एस होतो. २७ आणि ७५ मिळून १०२, हिशेब जुळतो. गंमत अशी, की जोड लावल्यावर आवाज नुसता कमी होत नाही, त्याचा स्वभावही बदलतो. ४ पी चा खर्ज भरदार, ४ एस चे वरचे सूर उजळ. कारण आर्मेचरच्या वेटोळ्याचा इम्पिडन्स प्रत्येक सुराला वेगळा असतो, साधारण वर जावं तसा वाढतो. खोक्यावरचा आकडा एकाच सुराजवळचा, बहुधा १,००० हर्ट्झचा. दहावीत शिकलेल्या ओहमच्या नियमातला रोध एक आकडा असतो, हा मात्र एक वळणावळणाची रेघ आहे.

आता रेझिस्टर इअरफोनच्या तारेत असो की प्लेअरच्या आत, विजेला काय फरक पडतो? काहीच नाही. आणि इथेच तो निर्णय येतो, ज्याच्याबद्दल मला अजूनही कुरकुर करावीशी वाटते. १९९६ साली एका आंतरराष्ट्रीय मानकात हेडफोनच्या जॅकसाठी १२० ओहमचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे यंत्राच्या आतला अडथळा, धरला गेला. ज्यांनी तो धरला ते काही वेडे नव्हते. तेव्हा घराघरांतल्या डेकवर ३२ पासून ६०० ओहमपर्यंतचे हेडफोन लागत. मध्ये मोठा रेझिस्टर असला की हेडफोन बदलल्यावर आवाज एकदम अंगावर येत नाही, आणि पिन अर्धवट घुसून शॉर्ट झाली तरी ॲम्प्लिफायर जळत नाही. शिवाय अनेक ॲम्प्लिफायरमध्ये हेडफोनसाठी वेगळं सर्किटच नसे. स्पीकरच्या आउटपुटवरून रेझिस्टर लावून जॅक काढलेला असे. स्वस्तात काम.

पण हा आकडा भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या यंत्रांच्या जगातला होता. खिशातल्या प्लेअरला १६ ओहमचा इअरफोन लावला आणि आत १२० ओहम असले, तर व्होल्टेजचा आठवा हिस्सासुद्धा कानापर्यंत पोचत नाही. म्हणून पोर्टेबलवाल्यांनी मानक गुंडाळून ठेवलं, पण रेझिस्टर सोडला नाही. कुणी ५ ओहम ठेवले, कुणी १०, कुणी त्याहून जास्त. त्यांची बाजूही ऐकायला हवी: इन-इअर इतके संवेदनशील असतात की दोन गाण्यांमधल्या शांततेत ॲम्प्लिफायरची 'सुस्स' ऐकू येते, आणि रेझिस्टर ती दाबतो.

किंमत मोजली ती एकाहून अधिक आर्मेचर असलेल्या महागड्या इअरफोनवाल्यांनी. समजा एखाद्याचा इम्पिडन्स कुठे ५ ओहमपर्यंत उतरतो आणि कुठे ५० वर चढतो. प्लेअरच्या आत १० ओहम असतील तर त्या दोन सुरांत जवळपास ८ डेसिबलचा फरक प्लेअरच पाडतो. आत १ ओहम असेल तर तोच फरक दीड डेसिबलच्या आत राहतो. इअरफोन तोच, गाणं तेच, आणि एक जण म्हणतो "तिखट आहे", दुसरा म्हणतो "मऊ आहे". दोघेही खरं बोलतात. साध्या, छोट्या स्पीकरसारखा एकच डायनॅमिक ड्रायव्हर असलेल्या इअरफोनची रेघ बहुधा सपाट असते, त्यामुळे त्याला हा त्रास फारसा होत नाही. प्लेअरचा हा आकडा हेडफोनच्या आकड्याच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा, हा ठोकताळा यातूनच पुढे रुळला.

दुसरी गोम कपॅसिटरची. जुन्या छोट्या प्लेअरमध्ये बॅटरीचा सरळ प्रवाह हेडफोनमध्ये जाऊ नये म्हणून वाटेत कपॅसिटर बसवत. जागा कमी, म्हणून तोही लहान. २२० मायक्रोफॅरडचा धरला, तर १६ ओहमच्या इअरफोनवर साधारण ४५ हर्ट्झपासून खर्ज उतरायला लागतो आणि ३२ ओहमवर २२ पासून. म्हणजे "पोर्टेबलला १६च" हा सल्ला पाळणाऱ्याला आवाज मोठा मिळाला, पण खर्ज थोडा कापून.

त्या मोठ्या आवाजाचंही गौडबंगालच. कुणी डेसिबल दर मिलिवॅटला मोजतं, कुणी दर व्होल्टला. दोन इअरफोनवर '१०० डेसिबल दर मिलिवॅट' असं सारखंच लिहिलेलं असलं, तरी १६ ओहमचा एका व्होल्टला ११८ देतो आणि १०० ओहमचा ११०. प्लेअरचं बटण व्होल्टेज वाढवतं, मिलिवॅट नाही. ओहमला जे श्रेय मिळतं, त्यातलं बरंचसं या अपुऱ्या छापलेल्या आकड्याचं आहे.

२००१ च्या ऑक्टोबरमध्ये ५ जीबीचा आयपॉड आला आणि पांढऱ्या तारा सगळीकडे दिसू लागल्या. आपल्याकडे तो फार थोड्यांच्या हाती होता. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत मिळणारे बोटाएवढे एमपी३ प्लेअर आणि नंतर गाण्यांचे म्हणून विकले जाणारे मोबाइल, हीच आपली पोर्टेबल परंपरा. लोकलमध्ये उघडा इअरबड घालून गाणं ऐकायचं तर आवाज शेवटच्या रेघेवर. रबरवाला इन-इअर आल्यावर निम्म्यावर भागू लागलं. मी पहिला घेतला तेव्हा दुकानदाराने तीन मापांची रबरं खोक्यातून काढून दाखवली आणि वर म्हणाला, "ही एक्स्ट्रा आहेत, हरवली तर." मधलं रबर माझ्या डाव्या कानाला लहान होतं, हे कळायला मला चार महिने लागले.

मोबाइलच्या काळाने चार कड्यांची पिन आणली, आणि तिच्यात माइक व ग्राउंड यांच्या जागांची अदलाबदल असलेल्या दोन पद्धती. चुकीची जोडी जमली की गायिका गायब आणि मागची वाद्यं पोकळ वाजतायत, असा प्रकार. माइकचं बटण दाबून धरलं की गायिका परत. ग्राउंड तुटल्यामुळे डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो आणि मधोमध असलेला आवाज कटतो. जुनं मोनो गाणं असेल तर जवळजवळ सगळंच नाहीसं. अनेकांनी यात चांगले इअरफोन बिघडले म्हणून टाकून दिले.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये एका मोठ्या कंपनीने फोनवरून जॅकच काढला, मग बाकीच्यांनीही. वायरीचे इन-इअर संपतील असं वाटलं होतं. झालं उलटं: चिनी कंपन्यांनी हजार-दोन हजारांत असे इअरफोन आणले, ज्यांच्या तोडीचे पूर्वी कितीतरी महाग असत. आणि जॅकच्या आतलं गुपित बोटभर वायरीच्या डाँगलमध्ये, म्हणजे जॅक नसलेल्या फोनला हेडफोन जोडायच्या तुकड्यात, बाहेर आलं. लोक आता डाँगलचा आउटपुट इम्पिडन्स मोजून मांडतात, आणि चांगल्यांचा १ ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी निघतो.

त्यातही एक जुनी रेघ उरलीच आहे. फ्रान्सने १९९० च्या दशकात प्लेअरच्या आवाजावर १०० डेसिबलची मर्यादा घातली होती. पुढे युरोपभर ८५ डेसिबलवर इशारा देण्याचा नियम आला. त्यामुळे त्याच बड्या कंपनीच्या डाँगलचा अमेरिकेतला नग १ व्होल्ट देतो आणि युरोपातला अर्धा. फरक ६ डेसिबलचा. दिसायला दोन्ही सारखेच. मॉडेल नंबर तेवढा वेगळा, तोही इतका बारीक छापलेला की उजेडात तिरपा धरल्याशिवाय वाचता येत नाही.