ड्राफ्टचा भाव आणि ट्रेडचा भाव

अमेरिकन फुटबॉलमधल्या एखाद्या तरुण क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला) संघ सोडणार अशी कुणकुण लागली की चाहत्यांचा पहिला हिशेब ठरलेला असतो: हा पहिल्या फेरीतला खेळाडू, मग बदल्यात निदान दुसऱ्या फेरीचा पिक तरी यायलाच हवा. ड्राफ्ट म्हणजे संघांनी दरवर्षी फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडणं, आणि पिक म्हणजे त्यात एक खेळाडू निवडण्याचा हक्क. हा हिशेब बहुतेक वेळा फसतो, कारण त्यात दोन निराळे भाव एकत्र केलेले असतात: ड्राफ्टचा आणि ट्रेडचा, म्हणजे संघांमधल्या अदलाबदलीचा.

ड्राफ्टच्या दिवशी संघ खेळाडूची शक्यता घेतो आणि तिच्याबरोबर स्वस्त करार. नव्या खेळाडूचा हा पहिला, रूकी करार चार वर्षांचा असतो आणि त्याची रक्कम निवडीच्या क्रमांकानुसार जवळजवळ ठरलेली असते. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षीही ठेवून घेण्याचा पर्याय संघाकडे असतो. संघाच्या एकूण पगारावर मर्यादा (सॅलरी कॅप) असल्यामुळे चांगला क्वार्टरबॅक कमी पैशात मिळाला तर वाचलेला पैसा बाकीच्या संघावर लावता येतो. म्हणूनच २०२१ मध्ये ट्रे लान्स या क्वार्टरबॅकला तिसऱ्या क्रमांकावर घेण्यासाठी फॉर्टीनाइनर्सनी पहिल्या फेरीचे तीन पिक आणि तिसऱ्या फेरीचा एक पिक मोजला.

ऑगस्ट २०२३ मध्ये काउबॉइजकडून त्याच लान्सच्या बदल्यात चौथ्या फेरीचा एक पिक आला. दोन हंगामांत तो फक्त चार सामन्यांत सुरुवातीपासून खेळला होता. घोटा मोडला आणि मग २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटी, २६२ वा निवडला गेलेला ब्रॉक पर्डी त्या जागेवर पक्का झाला. लान्ससाठी आधी किती मोजले होते, याच्याशी घेणाऱ्या संघाला काहीच देणंघेणं नव्हतं. त्याच्यासमोर होती ती कराराची उरलेली वर्षं आणि आतापर्यंतचा खेळ.

पण नुसता खेळ पाहूनही अंदाज चुकतो. मार्च २०२४ मधले दोन व्यवहार बघा. कमांडर्सचा क्वार्टरबॅक सॅम हावेल पाचव्या फेरीतला खेळाडू. २०२३ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक, २१ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) त्याचेच. बेअर्सचा जस्टिन फील्ड्स ११ वा निवडलेला, २०२२ मध्ये धावून १,१४३ यार्ड काढलेला. तरी कमांडर्सनी हावेलबरोबर १०२ आणि १७९ क्रमांकाचे पिक दिले, तेव्हा सीहॉक्सकडून ७८ आणि १५२ क्रमांकाचे आले. प्रत्येक पिकाची किंमत गुणांत सांगणाऱ्या, प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या जुन्या तक्त्यावर हा फरक तिसऱ्या फेरीच्या अखेरच्या पिकाइतका भरतो. फील्ड्ससाठी स्टीलर्सनी २०२५ चा सहाव्या फेरीचा पिक दिला, तोही अटीसह: त्याने संघाचे ५१ टक्के स्नॅप (डाव) खेळले तर तो चौथ्या फेरीचा होणार.

माझ्या मते यात करार सगळ्यात जड ठरला. हावेलची अगदी कमी पगाराची दोन वर्षं शिल्लक होती. फील्ड्सचं एकच, आणि पाचव्या वर्षासाठी अडीच कोटी डॉलरहून अधिक रकमेची हमी द्यायची की नाही, हे मे महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवायचं होतं. त्यात बेअर्सची अडचण उघड होती. ड्राफ्टचा पहिला पिक त्यांच्याकडे होता आणि ते केलेब विल्यम्स या नव्या क्वार्टरबॅकला घेणार हे सगळे धरून चालले होते. विकणाऱ्याला विकावंच लागणार हे कळल्यावर घेणारा कशाला भाव वाढवेल? कमांडर्सही दुसऱ्या पिकावर क्वार्टरबॅक घेणार होते, पण हावेल राखीव म्हणून त्यांना परवडणारा होता. शिवाय तोवर इतर संघांत क्वार्टरबॅकच्या मोकळ्या जागाही कमी उरल्या होत्या. स्टीलर्सकडेसुद्धा रसेल विल्सन आलेलाच होता, म्हणजे फील्ड्स तिथे दुसरा.

तेव्हा अंदाज बांधताना ड्राफ्टचा क्रमांक मी बाजूलाच ठेवतो. कमी पगाराची किती वर्षं उरली, किती संघांना आत्ता क्वार्टरबॅक हवा आहे आणि विकणाऱ्याला थांबणं परवडतं का, हे आधी पाहतो. प्रतिभा त्यानंतर. फील्ड्स स्टीलर्ससाठी सहा सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, विल्सन दुखापतीतून सावरल्यावर फील्ड्स बाकावर गेला आणि बेअर्सच्या हाती सहाव्या फेरीचाच पिक राहिला.