‘सेव्हन्टी-एट’ हा आकडा आला कुठून? जुन्या जॅझ तबकड्यांच्या गतीची पार्श्वभूमी

जुन्या जॅझ तबकड्या जमवणारे लेबल बघतात, क्रमांक बघतात, कडेला केसाएवढी भेग असेल तर तीही बघतात. मग तबकडी घरी येते आणि गतीचा खटका सरळ ७८ वर, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांवर जातो. १९२५ नंतरच्या तबकडीला हे बहुतेक वेळा चालतं. त्याआधीच्या तबकडीला चालेलच असं नाही, आणि ध्वनिमुद्रित जॅझची पहिली आठ वर्षं नेमकी त्याआधीची आहेत. ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँडची पहिली तबकडी २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाली. किंग ऑलिव्हरचा बँड, दुसऱ्या कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारखं आखूड वाद्य) लुई आर्मस्ट्राँग, एप्रिल १९२३ मध्ये इंडियानातल्या रिचमंड गावी मुद्रणाच्या भोंग्यासमोर (तेव्हा मायक्रोफोन नव्हता) उभा राहिला. तो स्टुडिओ रेल्वे रुळांना लागून होता. गाडी आली की काम थांबवावं लागे. तिथे आवाज कोरून घेणारी मेणाची चकती नेमकी किती वेगाने फिरत होती, यावर आजही जाणकारांचं एकमत नाही.

त्या काळी मुद्रणाचं यंत्र बहुधा वजनावर चालत असे. जड वजन हळूहळू खाली उतरायचं, त्याने चक्र फिरायचं आणि गव्हर्नर गती आवरून धरायचा. स्क्रू जरा इकडेतिकडे झाला, तेल घट्ट झालं, की गती बदलली. चीज लांब आणि तबकडी दहा इंची, म्हणजे जेमतेम तीन मिनिटांची असेल, तर तंत्रज्ञ मुद्दामही गती कमी करत, म्हणजे तेवढे चार-सहा सेकंद जास्त मावत. त्यामुळे अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीच्या भोंग्याच्या काळातल्या अनेक तबकड्या ७६ च्या आसपासच्या निघतात, अमेरिकन कोलंबिया आपल्या ग्राहकांना ८० वर वाजवायला सांगे आणि एडिसनच्या जाड तबकड्या नेमक्या ८० च्या आहेत.

मग ७८ कुठून आला? १९१२ मध्ये लंडनच्या एका मोठ्या कंपनीने तो ठरवला, आणि ठरवला तो सरासरी काढून. त्या वेळी त्यांच्या ज्या तबकड्या बाजारात होत्या त्यांच्या गतींचा मध्य ७८ च्या आसपास येत होता. मुद्रणासाठी तीच गती पक्की झाली आणि विक्रीच्या यंत्रांचे गव्हर्नरही तिच्यावर लावले गेले. दुकानदाराच्या दृष्टीने निर्णय सोयीचा होता, यात शंका नाही. सगळा माल एकाच खटक्यावर वाजू लागला. पण सरासरी म्हणजे निम्म्या तबकड्या थोड्या चढ्या आणि निम्म्या थोड्या उतरलेल्या ऐकू येणार हे ठरलेलंच. संगीताच्या बाजूने पाहिलं तर हा निर्णय चुकीचा होता असंच म्हणावं लागतं, कारण मूळ गती तबकडीवर छापायची पद्धत त्याच वेळी सगळीकडे रुजवता आली असती. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन वापरणारं विजेचं मुद्रण आलं आणि बाकीचा धंदाही याच आकड्याभोवती गोळा झाला.

तिथेही आकडा पूर्ण ७८ नव्हता. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. ३६०० फेऱ्यांच्या मोटरला ४६ ला १ असं गिअर लावलं की ७८.२६ फेऱ्या येतात. ५० हर्ट्झच्या देशांत ३००० फेऱ्यांना ३८.५ ने भागलं की ७७.९२. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणून अमेरिकेत मुद्रित झालेली तबकडी इथल्या यंत्रावर अगदी किंचित उतरते, पण एका पट्टीच्या (पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराच्या) तेराव्या भागाइतकीच. ती चिंता सोडून द्यावी.

‘सेव्हन्टी-एट’ हे नाव तर त्याहून नंतरचं. तबकड्या विकल्या जात होत्या तेव्हा ती फक्त ‘रेकॉर्ड’ होती. १९४८ मध्ये ३३⅓ ची एलपी आणि १९४९ मध्ये ४५ ची छोटी तबकडी आल्यावर मागच्या सगळ्या मालाला वेगळं नाव हवं झालं, आणि खटक्यावरचा आकडाच नाव बनला. पन्नास वर्षांच्या वेगवेगळ्या गतींवर एकच शिक्का बसला तो असा. गोंधळाचं मूळ या शिक्क्यात आहे. नाव वाचून माणूस गती धरून चालतो.

यातून वादकाचं नुकसान किती होतं ते मोजून पाहू. ७६ वर मुद्रित झालेली तबकडी ७८.२६ वर वाजवली तर सूर बरोबर अर्ध्या पट्टीने चढतो आणि तीन मिनिटांची चीज पाच सेकंद आधी संपते. ८० ची तबकडी त्याच गतीवर एक तृतीयांश पट्टीहून जास्त उतरते. आकडे छोटे वाटतात, पण कॉर्नेटचा गोल, भरदार आवाज अर्ध्या पट्टीने चढला की तो पातळ आणि घाईचा लागतो. क्लॅरिनेट किंचाळल्यासारखी होते. सिडनी बेशेसारख्या वादकाचं रुंद, जलद व्हायब्रेटो (सुराचा कंप) आणखी जलद होतं आणि ऐकणारा म्हणतो, ‘फार थरथरतो बुवा’. गती चुकलेल्या मुद्रणावरून कित्येकांवर मतं बनली आहेत. तबकडी जमवणं आणि वादकाची कदर करणं ही दोन कामं इथे वेगळी राहत नाहीत.

गती शोधायची खरी किल्ली पट्टीत आहे. न्यू ऑर्लिन्सच्या धर्तीच्या बँडमधली कॉर्नेट आणि क्लॅरिनेट काळी पाचला (पेटीच्या सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीला) बांधलेली असतात, त्यामुळे बँडच्या चिजा बहुतेक काळी पाच, काळी दोन, पांढरी चार किंवा काळी चारमध्ये बसतात; पांढरी एकही येते. तबकडी वाजवल्यावर बँड पांढरी सातमध्ये किंवा काळी तीनमध्ये ऐकू आला तर आधी गतीवर संशय घ्यावा. एक पूर्ण पट्टी खालीवर करायला सुमारे साडेचार फेऱ्या लागतात. ७८.२६ वरून एक पट्टी खाली म्हणजे ७३.९, एक पट्टी वर म्हणजे ८२.९. या दोन टोकांमध्ये जी गती बँडला त्याच्या सोयीच्या पट्टीत नीट बसवते, ती बहुतेक वेळा खरी. पडताळ्यासाठी विजेच्या मुद्रणाची तबकडी घ्यावी. २८ जून १९२८ ला शिकागोत मुद्रित झालेली आर्मस्ट्राँगची ‘वेस्ट एंड ब्लूज’ काळी दोनमध्ये आहे आणि ७८ च्या आसपास तिथेच बसते. सुरुवातीची एकट्या ट्रम्पेटची तान योग्य गतीवर ऐकली की बाकीच्या तबकड्यांसाठी कान तयार होतो.

या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते ऐकण्याजोगे आहेत. पहिला म्हणजे ‘ए’ हा सूर (पांढरी सहा) बरोबर ४४० हर्ट्झ हा आंतरराष्ट्रीय करार १९३९ चा, त्याआधी स्टुडिओतला पियानो कुठे लावला होता कुणी सांगावं. दुसरा म्हणजे फुंकीचे वादक नळी ओढून सूर थोडा हलवू शकतात. दोन्ही खरं आहे, पण त्याने फरक पडतो तो पट्टीच्या पाव-तिसऱ्या भागाचा. पूर्ण पट्टीची चूक त्यातून माफ होत नाही. एकट्या पियानोच्या तबकडीला मात्र हा नियम लावू नये, पियानोवादकाला सगळ्या पट्ट्या सारख्या. काही तबकड्यांत तर सुरुवात आणि शेवट यांचीच गती जुळत नाही; तिथे दोन्ही टोकांना मोजून मधली गती घ्यावी लागते.

प्रत्यक्ष मोजणीला स्ट्रोबची, म्हणजे रेघांची वर्तुळं छापलेली कागदी चकती पुरते; ती तबकडीसोबत फिरवून लुकलुकत्या दिव्याखाली बघायची. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ७७ रेघांचं वर्तुळ स्थिर दिसलं की गती ७७.९२, ७५ रेघांचं स्थिर दिसलं की नेमकी ८०, ७९ रेघांचं दिसलं की ७५.९५. दिवा जुन्या तांब्याच्या चोकची ट्यूबलाइट किंवा निऑनचा हवा. इलेक्ट्रॉनिक चोक आणि बरेच एलईडी दिवे तसे लुकलुकत नाहीत, त्यांच्याखाली सगळ्याच रेघा पुसट दिसतात आणि माणूस यंत्राला दोष देत बसतो. मोजताना सुई तबकडीवर टेकलेली असावी, कारण सुईच्या ओढीने गती किंचित पडते. सूर जुळवायला घरच्या पेटीवर विसंबू नये. आधी ती ट्यूनरवर तपासावी.

सुई एलपीची वापरली तर ती रुंद खाचेच्या तळाशी घसरते आणि फक्त खरखर उचलते. या तबकड्यांना ६५ ते ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीला २५ किंवा त्याहून कमी. भार ३ ते ५ ग्रॅम. झिजलेली तबकडी कधी कधी थोड्या जाड सुईवर एकदम मोकळी होते, कारण पूर्वीच्या पोलादी सुयांनी न घासलेली भिंत त्या सुईला सापडते. दोन्ही चॅनेल जोडून मोनो करावे, सुईच्या वरखाली हालचालीतली उभी खरखर त्यात कटते. एडिसनच्या तबकडीला उलट जोडणी हवी, कारण तिचा आवाजच उभ्या हालचालीत आहे. सूर दर फेरीला एकदा, म्हणजे सेकंदाला साधारण १.३ वेळा झुलत असेल तर भोक मध्यावर नाही असं समजावं. वादकाचं व्हायब्रेटो सेकंदाला पाच-सहा वेळा हलतं, त्यामुळे गल्लत व्हायचं कारण नाही. धुताना स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात नको. तबकडी लाखेची आहे आणि लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचा एक थेंब, लेबल कोरडं, आणि वाळवताना तबकडी उभी.

ही लाख मुख्यतः आपल्या देशातून जात असे, आणि तिचा हिशेब पुढे जुन्या जॅझवर उलटला. १९४२ मध्ये अमेरिकेत युद्धासाठी रेकॉर्डच्या लाखेवर मोठी कपात आली. नवी तबकडी हवी तर जुनी जमा करा अशी व्यवस्था झाली आणि वीस वर्षांपूर्वीचं जॅझ पोत्यांनी दळायला गेलं. त्याच वर्षी ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने मुद्रणबंदी पुकारली. दोन मोठ्या कंपन्यांसाठी ती नोव्हेंबर १९४४ पर्यंत चालली. १९१७ ते १९२५ च्या तबकड्या आज इतक्या थोड्या हाती लागतात, त्याला ही दळणं मोठं कारण आहे.

मुंबई-कोलकात्याकडच्या तबकड्यांची गोष्ट नंतरची, म्हणून सोपी. कोलकात्यात तबकड्या छापायचा कारखाना १९०८ मध्ये सियालदाला निघाला, पुढे काम डमडमला गेलं. शिकागोहून शांघायमार्गे मुंबईच्या ताजमध्ये आलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड, गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, यांची इथली मुद्रणं विजेच्या काळातली आहेत. ७८ वर ती बरोबर वाजतात. हिज मास्टर्स व्हॉइसच्या तबकडीवर शेवटच्या खाचेजवळच्या गुळगुळीत जागेत क्रमांकाच्या मागे छोटा त्रिकोण कोरलेला दिसला तर ते विजेचं मुद्रण. अमेरिकन व्हिक्टरवर तिथेच लंबगोलात ‘व्हीई’ अक्षरं असतात. तिरप्या उजेडात धरलं की दिसतात. आणखी एक गोष्ट: सी. रामचंद्रांच्या चित्रपटगीतांत चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या जॅझवादकांनी वाजवलं आहे, पण लेबलवर गायक आणि संगीतकार एवढीच नावं. जॅझचा संग्रह करणाऱ्याने त्या तबकड्याही बाजूला काढून ठेवाव्यात.

चुकलेली गती एलपीतही शिरली. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू, मार्च १९५९ मध्ये मुद्रित झालेली, टेपयंत्र सावकाश फिरल्यामुळे तीन दशकांहून जास्त काळ चढ्या सुरात विकली गेली; १९९० च्या दशकात दुसऱ्या यंत्रावरच्या टेपवरून ती दुरुस्त झाली. आता जुन्या तबकड्या संगणकावर उतरवल्या जातात आणि चुकीची गती फाइलमध्ये कायमची गोठते. म्हणून उतरवताना फाइलसोबत चार गोष्टी लिहाव्यात: मॅट्रिक्स क्रमांक (शेवटच्या खाचेजवळ कोरलेला मुद्रणाचा क्रमांक), वाजवलेली गती दशांशासह, सुईचा आकार आणि कोणती पट्टी धरून गती ठरवली. ‘७६.४, ७१ मायक्रॉन, काळी पाच’ एवढं लिहिलेलं असलं तरी पुढच्याला तबकडी हातात न घेता चूक सुधारता येते.